एक कान रस्त्याला

घोटावडे फाट्यावरून भऱ्याकडे वळलं की सकाळी साडेपाच-सहाला रस्त्याच्या कडेने धावणारी मुलं दिसतात. काही पोलीस भरतीची तयारी करणारी, काही सैन्यात जाऊ पाहणारी, काही हिंजवडीत नोकरी करणारी आणि पोट कमी करायला निघालेली. गेल्या काही वर्षांत त्यांत मुलींची भर पडली आहे, आणि त्यांत आपल्या घरांतल्या मुलीही आहेत, अल्हम्दुलिल्लाह. स्कार्फ घट्ट बांधलेला, सैल ट्रॅकसूट, पायात साधे बूट. आणि जवळजवळ प्रत्येकाच्या कानात काहीतरी खोचलेलं.

कानात काय आहे, हा प्रश्न घरोघरी विचारला जातो, पण प्रत्येकाच्या मनात कारण वेगळं असतं. अब्बूंना वाटतं, सिनेमाची गाणी असणार. अम्मीला धास्ती, मागून गाडी आली तर पोरीला कळणार कसं. नानी म्हणते, एवढ्या मोठ्या आवाजाने कान जातील. मुलगी म्हणते, मला पळू तरी द्या. चौघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण चारही प्रश्न एकदमच अंगावर आले की एकाचंही उत्तर मिळत नाही, आणि शेवटी मोबाइल काढून घेतला जातो. कधीकधी धावणंही थांबतं.

धावणं थांबणं परवडणारं नाही. पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. काही सेकंद जास्त लागले की गुण उतरतात, आणि एक-दोन गुणांनी यादीतलं नाव जातं. ज्या घरात आजवर कुणी सरकारी नोकरीत नव्हतं, त्या घरातली मुलगी आठशे मीटरवर आपलं सगळं लावून बसलेली असते. तिला रोजचं धावणं सुसह्य व्हावं म्हणून कानात काय असावं, हा विषय वरवर छोटा दिसतो, पण तिच्यासाठी तसा नाही.

मी शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते. पळणाऱ्या मुलींबरोबर आठवड्यातले तीन-चार दिवस मीही जाते. त्यांच्या मागे राहते हा भाग वेगळा. त्यांतल्या एकीचे वडील कंपनीची बस चालवतात, याच रस्त्यावर, पहिल्या पाळीला. ते शाळेत भेटायला आले तेव्हा मला वाटलं, गाण्यावरून बोलतील. ते म्हणाले, "मॅडम, गाण्याचं जायज-नाजायज मी घरी बघीन. तुम्ही मला एवढं सांगा, मी मागून हॉर्न देतो आणि पोरं हलत नाहीत, समोरून खडीचा डंपर येतो, मला बाजूला घ्यायला जागा नाही. मी काय करायचं?" मुलगी शेजारीच उभी होती. ती हळूच म्हणाली, "अब्बू, गाणं नसलं तर शेवटची फेरी निघतच नाही. पाय जड होतात."

दोघांनीही आपापल्या अनुभवातलं खरं सांगितलं. मग ठरलं ते असं: गाणं मैदानावर, रस्त्यावर नाही. रस्त्यावर बोलणारा आवाज चालेल, तोही एकाच कानात, आणि मैदानापर्यंत पोचायला लागतो तेवढाच वेळ. मैदानावर हवं ते लावावं, दोन्ही कानांत. ही वाटणी पुढे इतर घरांतही चालली, कारण तिच्यात कुणाला हार मानावी लागत नाही.

आता एक कान म्हणजे कोणता, तेही सांगते, कारण पोरी सवयीने उजवा-डावा काहीही निवडतात. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात. पायी चालणाऱ्याने किंवा धावणाऱ्याने रस्त्याच्या उजव्या कडेने जावं, म्हणजे आपल्या कडेची गाडी समोरून येते आणि दिसते. अशा वेळी रस्ता आपल्या डाव्या हाताला असतो. म्हणून डावा कान मोकळा, इअरफोन उजव्यात. पण एकाच कानात लावलं की कधी गाण्यातलं अर्धं वाद्य गायब होतं, कधी दोघांच्या गप्पांतल्या एकाचा आवाज अगदी बारीक येतो, कारण आवाज डाव्या-उजव्या बाजूंत विभागलेला असतो. बऱ्याच मोबाइलच्या सेटिंगमध्ये, ॲक्सेसिबिलिटी या विभागात, 'मोनो ऑडिओ' अशी सोय असते. ती चालू केली की सगळं एकाच कानात येतं. कानाबाहेर बसणारे, हाडातून आवाज पोचवणारे हेडफोनही निघाले आहेत. त्यात कान उघडे राहतात, पण ते अजून महाग आहेत आणि भरतीच्या पोरांसाठी तेवढे पैसे बुटांवर घालवलेले बरे. बाहेरचा आवाज बंद करणारे, 'नॉइज कॅन्सलिंग' म्हणून विकले जाणारे इअरफोन रस्त्यावर सरळ नकोत. स्कार्फ बांधणाऱ्या मुलींची आणखी एक अडचण असते: कापड इअरफोनवर घासलं की कानात सारखी खरखर येते. स्कार्फच्या आत सुती टोपी असेल तर ती थोडी कमी होते.

गाण्याने पाय हलके होतात, हे मुलीचं म्हणणं मात्र हसण्यावारी नेऊ नका. ही गोष्ट आपल्या तालुक्यातल्या बायकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पहाटे जात्यावर समोरासमोर बसायचं, खुंट्याला दोघींचे हात, आणि तोंडात ओवी. ओवीची ओळ जात्याच्या फेऱ्याबरोबर पुढे सरकते, शेवटचा शब्द लांबवला जातो तो फेरा पुरा व्हावा म्हणून. दळण संपेपर्यंत हात दुखले हे लक्षातच येत नाही. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून काम करत गावोगावच्या या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या, हजाराहून अधिक गावं, तीन हजारांहून अधिक गाणाऱ्या बाया. मुळशीतल्या कितीतरी गावांचे आवाज त्यात आहेत. 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या ध्वनिमुद्रणासह येत आहेत, फुकट ऐकता येतात. धावण्यासाठी त्या फार संथ आहेत, हे आधीच सांगते. पण धावून झाल्यावर श्वास खाली आणताना ऐकून पाहा, आपल्याच खोऱ्यातली कुणी आजी कानाशी बोलते.

आपल्याकडची जोड याला अशी की दख्खनच्या सूफींनीही हेच ओळखलं होतं. विजापूरच्या सूफी परंपरेत दख्खनी भाषेतली 'चक्कीनामा' आणि 'चरखानामा' नावाची गाणी आहेत. बायका दळताना, सूत कातताना म्हणायच्या. रिचर्ड ईटन या इतिहासकाराने विजापूरच्या सूफींवरच्या १९७८ च्या पुस्तकात त्यांच्याबद्दल सविस्तर लिहिलं आहे. दीन-धर्माची गोष्ट मदरशात न जाणाऱ्या बाईपर्यंत पोचवायची तर ती तिच्या हाताच्या लयीत बसली पाहिजे, हे त्या बुजुर्गांना कळलं होतं.

त्याहून जुनी गोष्ट हदीसमध्ये आहे. अरबस्तानात उंट हाकणारे लोक गात चालायचे, त्याला 'हुदा' म्हणतात. अनजशा नावाचा असा एक हुदा गाणारा होता. एका सफरीत उंटांवर स्त्रिया बसल्या होत्या आणि त्याच्या आवाजाबरोबर उंट वेगाने चालू लागले. तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याला जपून, सावकाश हाकायला सांगितलं, आणि त्या स्त्रियांना नाजूक काचेच्या भांड्यांची उपमा दिली. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. मला त्यात दोन गोष्टी दिसतात. गाण्याने पायांचा वेग बदलतो, हे तिथे गृहीतच आहे. आणि किती वेग हवा, हे पाठीवर कोण बसलं आहे ते पाहून ठरवायचं आहे. (मुलीने मुळात धावावं का, असं कुणी विचारलंच, तर प्रेषित (स.) आणि ह. आयेशा (र.) यांच्यात लागलेल्या दोन शर्यतींची हदीस अबू दाऊदमध्ये आहे. पहिली शर्यत ह. आयेशांनी जिंकली होती.)

आजचं शास्त्र याच वाटेने गेलं आहे. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातल्या कोस्तास करागेओर्गिस यांनी अनेक वर्षं संगीत आणि व्यायाम याच विषयावर काम केलं. साधारण वेगाने धावताना मनाजोगतं संगीत असेल तर तोच श्रम कमी वाटतो, आणि पावलं तालाशी जुळली तर शरीर तीच ऊर्जा अधिक नीट वापरतं. मात्र जोर फार वाढला, छाती फाटायची वेळ आली, की शरीराचे स्वतःचे निरोप इतके मोठे होतात की थकवा विसरायला लावण्याची गाण्याची ताकद बरीच कमी होते. म्हणजे रोजच्या सरावाला गाण्याचा उपयोग मोठा आहे. जिवाच्या आकांताने मारलेल्या शेवटच्या फेरीला तो तितका उरत नाही, मुलींना वाटतो त्यापेक्षा कमीच.

याला एक गमतीदार अपवाद सगळे सांगतात. इथिओपियाचा हैले गेब्रसेलासी १९९८ मध्ये बर्मिंगहॅमला बंदिस्त मैदानात २००० मीटर धावत होता. त्याने 'स्कॅटमॅन' हे त्या काळचं गाजलेलं पॉप गाणं मैदानाच्या भोंग्यांवर लावायची विनंती केली, त्या ठेक्यावर पावलं टाकली आणि जागतिक विक्रम केला. पण हे गाणं सगळ्यांनाच ऐकू येत होतं. खेळाडूने स्वतःच्या कानात काही लावून धावणं जागतिक ॲथलेटिक्सच्या नियमांत बसत नाही. भरतीच्या मैदानावरही कानात काही चालत नाही. ही गोष्ट पुढे पुन्हा लागणार आहे.

गाणं निवडायचं कसं, तर आधी स्वतःची पावलं मोजा. पंधरा सेकंदांत किती पावलं पडली ते मोजून चाराने गुणा. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जॅक डॅनियल्स या प्रशिक्षकाने धावपटूंची पावलं मोजली, तेव्हा लांब पल्ल्याचे बहुतेक धावपटू मिनिटाला १८० च्या आसपास किंवा त्याहून जास्त पावलं टाकताना दिसले. आपल्यासारख्यांची १५० ते १७० भरतात, त्यात लाज नाही. मग गाण्याचे ठोके तसेच मोजा, बोटाने टेबलावर. ८० ते ८५ ठोक्यांचं गाणं असेल तर एका ठोक्याला दोन पावलं बसतात आणि धावणं सुरेख लागतं. १२० ते १४० ठोक्यांचं गाणं ऐकायला उत्साही वाटतं, चालण्याच्या जलद व्यायामाला छान, पण त्याच्या प्रत्येक ठोक्यावर पाऊल टाकायला गेलं तर लांब ढांगा पडतात आणि गुडघे बोलू लागतात. त्याची लय अंगात घ्यावी, पाऊल आपलंच ठेवावं.

कव्वालीबद्दल पुष्कळ मुलं विचारतात. नुसरत फतेह अली खान यांच्या कव्वालीचा घाट धावण्यासाठी जणू मापून केल्यासारखा आहे: आधी हार्मोनियम, संथ आलाप, मग ओळ घोळवत घोळवत टाळ्यांचा वेग चढतो, पंधरा-वीस मिनिटांनी सगळं उंचीवर. पहिली पाच मिनिटं अंग गरम करायला वापरा. अडचण एकच, कव्वाली संपताना सर्वांत वेगात असते आणि तेव्हा आपला दम संपलेला असतो. म्हणून ती शेवटची ठेवू नये. तिच्यामागे काहीतरी शांत हवं, रफीसाहेबांची एखादी संथ गझल. श्रीकांत ठाकरे यांनी रफीसाहेबांकडून मराठी गाणीही गाऊन घेतली आहेत. ती आमच्या घरात माझ्या वडिलांच्या वेळेपासून आहेत आणि स्ट्रेचिंग करताना मला अजून पुरतात.

पोवाडा तर कुणी सुचवतच नाही, याचं मला नवल वाटतं. डफाचा ठेका पक्का, आवाज चढा, आणि मध्येच शाहीर थांबून गद्यात गोष्ट सांगतो. ठेका चालू असताना धावायचं, गद्य आलं की चालायचं, पुन्हा ठेका आला की धावायचं. ज्याला इंटरव्हल म्हणतात तो सराव फुकटात होतो, घड्याळ पाहावं लागत नाही. आणि शाहिरी ही आपलीही आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ज्यांच्या आवाजाने मैदानं भरायची, ते शाहीर अमर शेख बार्शीचे, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल.

वाद्यांबद्दल घरात संकोच असेल तर त्याचाही मान राखून मार्ग निघतो. हा मतभेद आजचा नाही. चारही मजहबांतल्या बहुसंख्य फकीहांनी बहुतेक वाद्यांना मनाई केली, इब्ने हज्म यांनी त्या मनाईसाठी दिल्या जाणाऱ्या हदीसींची सनद कमकुवत ठरवली, इमाम गजालींनी 'इह्या'मध्ये समाअवर स्वतंत्र प्रकरण लिहून कुठे जायज आणि कुठे नाही याचा बारकाईने विचार केला, आणि चिश्ती बुजुर्गांनी समाअची मैफल जिवापाड जपली. जिथे एवढ्या मोठ्या लोकांचं एकमत झालं नाही, तिथे सकाळी सहा वाजता दारात उभं राहून बाप-लेकीने वाद घालून निकाल लागणार नाही. आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारा आणि त्याप्रमाणे करा. ज्या घरात वाद्य नको, तिथे फक्त आवाजातल्या किंवा फक्त दफवर म्हटलेल्या नशीदी आहेत. माहिर झैन यांच्यासारख्या गायकांच्या गाण्यांच्या बिनवाद्याच्या आवृत्त्याही मिळतात. लय मोजून घ्या मात्र, बहुतेक नशीदी संथ असतात. माझ्या एका विद्यार्थिनीने स्वतःच्या आवाजात, टाळ्या वाजवत, आकडे मोजून रेकॉर्ड केलं आहे आणि तेच लावून ती धावते. ऐकायला ते अगदी रुक्ष आहे. तिचा वेळ मात्र सुधारला.

कुरआनची तिलावत लावून धावावं का, हा प्रश्न आया विचारतात, आणि त्यामागची भावना चांगली असते: गाण्यापेक्षा ते बरं. मला त्यात अडखळायला होतं. तिलावत चालू असताना लक्ष देऊन ऐकावं आणि गप्प राहावं, असा सूरह अल-आराफमध्ये हुकूम आहे. धापा टाकत, बसचा हॉर्न चुकवत, मध्येच मैत्रिणीला हाक मारत ते अदबीने कसं होणार? चालताना, श्वास ताळ्यावर असताना, एखादी पाठ असलेली सूरह लक्ष देऊन ऐकणं वेगळं. हिफ्ज करणारी मुलं उजळणीसाठी तसं करतात आणि ते मला पटतं. नुसती कानाची जागा भरायला तिलावत नको, असं माझं मत. धावताना मनात जिक्र करणाऱ्या बाया मला ठाऊक आहेत; त्याला मोबाइल लागत नाही आणि श्वासाची लयही आपोआप बसते. अजान सुरू झाली की इअरफोन काढावा, हे वेगळं सांगायला नको.

आता बोलणारे आवाज. पॉडकास्ट हा शब्द २००४ मध्ये 'द गार्डियन'मधल्या बेन हॅमर्सली यांच्या लेखात पहिल्यांदा आला, आयपॉड आणि ब्रॉडकास्ट यांची सांगड घालून. आपल्या घरांत तो आता सरसकट यूट्यूबवरच्या कुठल्याही गप्पांसाठी वापरतात. धावताना पॉडकास्टचा उपयोग संथ आणि लांब धावण्याला. वेग वाढवायचा असेल त्या दिवशी तो मुळीच लावू नये. बोलण्याच्या नादात पाय रेंगाळतात, हे मी दरवेळी पाहते.

मराठीत निवड पुष्कळ आहे. बीबीसी मराठीची 'गोष्ट दुनियेची' एक विषय घेऊन शांतपणे उलगडते, पाच-सहा किलोमीटर चालून-पळून होईपर्यंत भाग संपतो. ओंकार जाधव आणि शार्दूल कदम यांचं 'अमुक तमुक' लांब गप्पांचं आहे, आरोग्य, मन, नातेसंबंध असे विषय असतात. रविवारच्या लांब धावेला बरं, आणि एका बैठकीत संपवायचा हट्ट नको. २०१७ पासून स्टोरीटेलवर मराठी पुस्तकं ऐकायला मिळतात, पैसे भरून. आकाशवाणी पुण्याच्या सकाळी ७ वाजून ५ मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या मोबाइलवर न्यूज ऑन एअर ॲपमध्ये लागतात. भरतीच्या लेखी परीक्षेत चालू घडामोडी असतातच, तेव्हा परतीच्या चालीत तेवढ्या बातम्या ऐकल्या तरी पुष्कळ झालं. पण सामान्य ज्ञानाचे प्रश्नोत्तरांचे व्हिडिओ लावून जोरात धावणाऱ्या मुलांना मी थांबवते. धापा टाकताना ऐकलेली सनावळी घरी आल्यावर आठवत नाही, आणि वेगही मिळत नाही.

उर्दूची गोडी असलेल्यांसाठी जिया मोहियुद्दीन. २०२३ मध्ये ते गेले. उर्दू गद्य मोठ्याने कसं वाचावं, शब्द कुठे सोडावा आणि कुठे धरावा, हे त्यांच्याकडून शिकावं. माझ्या पोटच्या मुलांची उर्दू पाठ्यपुस्तकाने जेवढी सुधारली नाही तेवढी त्यांच्या आवाजाने सुधारली. पतरस बुखारींचा 'कुत्ते' हा मजमूनही ऐकायला मिळतो. पहाटे भऱ्याच्या रस्त्यावर ज्यांच्यामागे कुत्री लागली आहेत त्यांनी तो घरी बसून ऐकावा. धावताना ऐकला तर हसून बरगडीत कळ येते.

काही बारीक गोष्टी, ज्यांनी रोजचा त्रास वाचतो. यूट्यूब पैसे न भरता वापरलं तर स्क्रीन बंद केली की आवाज थांबतो, आणि मध्येच जाहिरात ओरडते. म्हणून जे ऐकायचं ते रात्रीच ॲपमध्ये डाउनलोड करून ठेवा. ताम्हिणीच्या बाजूला गेलात तर नेटवर्कचा भरवसाही नसतो. यादी घरून निघण्याआधी लावावी. धावता धावता मोबाइल हातात घेऊन गाणं बदलणं हे एक कान बंद ठेवण्यापेक्षा धोक्याचं आहे, कारण त्यात डोळेही जातात. आणि आवाज: जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो, पण ९० डेसिबल झाला तर फक्त ४ तास. दहाने वाढला म्हणून थोडासाच वाढला असं नसतं. मोबाइलच्या पट्टीवर साठ टक्क्यांच्या वर जाऊ नये, हा सोपा नियम मुलांना सांगा. नानीचं म्हणणं असं खरं ठरतं.

रमजानमध्ये ज्या मुलींची भरती जवळ असते त्या सराव सोडत नाहीत, वेळ बदलतात. काही इफ्तारच्या आधी अर्धा तास हलकं पळतात, काही तरावीहनंतर घराजवळच फेऱ्या मारतात. त्या दिवसांत ठेक्याची गाणी नकोत असं मी सांगते, आणि त्यामागे धार्मिक कारणाइतकंच शरीराचंही कारण आहे. ठेका दमलेल्या शरीराला त्याच्या ताकदीपलीकडे ओढतो, आणि दिवसभर पाणी नसताना ते झेपत नाही. बोलणारा संथ आवाज, किंवा काहीच नाही.

भरतीच्या मुलांसाठी शेवटचे तीन-चार आठवडे वेगळे. चाचणीच्या दिवशी कानात काहीच नसणार, मग सवयही तशीच हवी. आधी आठवड्यातला एक दिवस गाण्याशिवाय, मग दोन, मग सगळे. सुरुवातीला मुली म्हणतात, स्वतःचा श्वास इतका मोठा ऐकू येतो की भीती वाटते. आठवड्याभरात तोच श्वास त्यांना सांगू लागतो की वेग जास्त झाला, आता जरा आवर. बस चालवणाऱ्या त्या वडिलांच्या मुलीला मी पावलं मोजायला शिकवलं: चार पावलांत श्वास आत, चार पावलांत बाहेर, आणि शेवटच्या दोनशे मीटरला दोन-दोन. तिची ८०० मीटरची वेळ आता गाणं असलं काय आणि नसलं काय, सारखीच येते. चाचणीचा दिवस अजून यायचा आहे.

आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत, मुळशीत पाऊस असा कोसळतो की भातखाचरं आणि रस्ता एक होतात, तेव्हा इअरफोन घरीच ठेवावेत. भिजून बिघडतात ते सोडा. पावसाच्या आवाजात गाडी अगदी जवळ येईपर्यंत ऐकू येत नाही, आणि त्या दिवसांत एक कान पुरत नाही.